वहीच्या शेवटच्या पानावरच्या सह्या : किशोरवयात ‘मी’ कसा घडतो

एका १४ वर्षांच्या मुलीच्या गणिताच्या वहीचे शेवटचे पान. वरच्या ओळीत तिचे पूर्ण नाव आडनावासह, वळणदार अक्षरात. त्याखाली नुसती आद्याक्षरे. मग आडनाव गाळून केलेली, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली सही, सात-आठ वेळा. आणि अगदी तळाशी, शाळेत शिकवत नाहीत पण घरी आजी वाचते त्या लिपीत, अडखळत लिहिलेले तेच नाव. हीच मुलगी वर्षभरापूर्वी शाळेच्या दाराशी आई घरच्या भाषेत काही बोलली की दोन पावले पुढे निघून जात असे आणि उत्तर शाळेच्या भाषेत, तेही कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने देत असे. आईला आधी वाटले की मुलीला आपली लाज वाटते. ते तळाशी लिहिलेले नाव पाहिल्यावर वाटले की तिच्या डोक्यात कुणीतरी काहीतरी भरवले आहे.

दोन्ही निदाने बहुधा चुकलेली होती. या वयातली मुले घरच्या रीतींवर अचानक प्रश्न विचारू लागतात, आडनाव लपवतात किंवा उलट मिरवू लागतात, एका वर्षी ज्याला नाक मुरडतात तेच पुढच्या वर्षी हट्टाने मागतात, आणि घरातल्यांना हा सगळा लहरीपणा वाटतो. मानसशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र त्यात बऱ्यापैकी स्पष्ट असा एक क्रम दिसतो, आणि तो कळला की काळजी नेमकी कशाची करायची याबद्दलची आपली समजूत पुष्कळदा उलटी होते.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

मराठीत ‘ओळख’ या शब्दाला फार कामे पडतात. दोन माणसांची ओळख होते, चोराची ओळख पटते, गेल्या जन्मीची असावी तशी ओळख लागते; आणि भाषणांतून जिला ‘अस्मिता’ म्हणतात तीही ओळखच, फक्त आवाज चढवलेली. या लेखात ओळख म्हणजे काळ बदलला, सोबत बदलली, शरीरसुद्धा बदलले, तरी आतला माणूस तोच आहे ही स्वतःची जाणीव, आणि आपण स्वतःला जसे समजतो तसे भोवतालचे लोकही आपल्याला ओळखतात हा भरवसा. यातला दुसरा भाग सहज विसरला जातो. ओळख एकट्याने खोलीत बसून ठरवता येत नाही. तिला दुसऱ्या बाजूने होकार लागतो.

‘वांशिक ओळख’ हा याच जाणिवेचा एक हिस्सा आहे. समान पूर्वज, भाषा, चालीरीती आणि इतिहास यांनी जोडलेल्या एखाद्या समूहाचे आपण आहोत हे कळणे, आणि त्या कळण्याबरोबर येणारी आपुलकी, अभिमान, संकोच किंवा राग, असे सगळे त्यात येते. रक्ताच्या तपासणीत ती सापडत नाही. एकाच आईबापांच्या दोन भावांपैकी एकाला ती जीव की प्राण असू शकते, तर दुसऱ्याच्या ती गावीही नसते.

हा विषय ज्याने अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणला त्या मानसविश्लेषक एरिक एरिक्सन याचे आयुष्यच याचे उदाहरण आहे. १९०२ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ, डेन्मार्कहून आलेल्या ज्यू आईच्या पोटी तो जन्मला. खरा बाप कोण हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही, आणि सावत्र वडिलांचे होम्बुर्गर हे आडनाव घेऊन तो वाढला. सोनेरी केसांचा आणि निळ्या डोळ्यांचा हा उंच मुलगा ज्यूंच्या प्रार्थनास्थळी परका ठरे आणि शाळेत ज्यू म्हणून चिडवला जाई. पुढे अमेरिकेचे नागरिकत्व घेताना, १९३९ मध्ये, त्याने स्वतःच ‘एरिक्सन’ म्हणजे ‘एरिकचा मुलगा’ हे आडनाव धारण केले. वहीच्या शेवटच्या पानावर मुले करतात तेच काम त्याने कायद्याच्या कागदावर केले, असे म्हणायला हरकत नाही.

हा प्रश्न याच वयात का पडतो?

सहा वर्षांच्या मुलाला ‘तू कोण?’ विचारले तर तो म्हणेल, ‘माझ्याकडे लाल सायकल आहे आणि मी सगळ्यांत जोरात पळतो.’ आपण कोणत्या समूहाचे हेही त्याला बहुतेक वेळा ठाऊक असते, आणि त्या समूहाची बाजारातली किंमतही त्याने ऐकलेली असते. केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने १९४० च्या सुमारास अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडून बाकी सारख्याच असलेल्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुतेकांनी गोरी बाहुली ‘छान’ म्हणून निवडली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने या कामाची दखल घेतली. म्हणजे लहान मुलांना समूह कळत नाहीत असे मुळीच नाही. त्यांना उत्तर ठाऊक असते. पडत नाही तो प्रश्न.

प्रश्न पडायला वेगळ्या प्रकारची विचारशक्ती लागते, आणि ती साधारण अकरा-बाराव्या वर्षापासून येऊ लागते. जे समोर नाही, जे घडलेले नाही, त्याचाही विचार मूल करू शकते. ‘मी दुसऱ्या घरात जन्मलो असतो तर याच गोष्टी मला खऱ्या वाटल्या असत्या का?’ हा प्रश्न आठव्या वर्षी कुणाला पडला तर नवल, आणि पंधराव्या वर्षी पडला नाही तर नवल. त्यात शरीर दर महिन्याला बदलत असते आणि आरशातला चेहरा ओळखीचा राहत नाही. शिवाय सगळे जग आपल्याकडेच पाहते आहे असा एक सततचा भास असतो. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये त्याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असे नेमके नाव दिले. शाळेच्या दाराशी घरच्या भाषेत आलेली हाक त्या मुलीला या भरगच्च प्रेक्षागृहापुढे ऐकावी लागत होती, ही गोष्ट आईने लक्षात घेतली असती तर तिला झालेले दुःख बरेच कमी झाले असते.

आणखी एक अडचण अशी की या वयात ‘मी’ एकवचनी राहत नाही. घरी अबोल, मित्रांत वाचाळ, शिक्षकांपुढे आज्ञाधारक, खेळताना चिडका अशी अनेक रूपे तयार होतात. सुझन हार्टर आणि सहकाऱ्यांनी सातवी, नववी आणि अकरावीच्या मुलांना स्वतःची वर्णने करायला लावून १९९२ मध्ये दाखवून दिले की ही विसंगती सर्वांत जास्त बोचते ती नववीच्या सुमारास. त्याआधी ती दिसत नाही. त्यानंतर ‘माणूस प्रसंगानुसार वागतो’ एवढे शहाणपण येते. मधल्या दोन-तीन वर्षांत मात्र ‘यातला खरा मी कोणता?’ हा प्रश्न अक्षरशः झोप उडवणारा असू शकतो.

शोध आणि बांधिलकी

एरिक्सनने किशोरवयाची व्याख्याच ओळख घडणे विरुद्ध भूमिकांचा गोंधळ अशा संघर्षाने केली, आणि समाज तरुणांना या कामासाठी काही काळ सवलत देतो असे म्हटले. त्यासाठी त्याने वापरलेला शब्द कर्जव्यवहारातला आहे, मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते फेडायला मिळालेली मुदत. कर्ज माफ झालेले नसते, पण आज वसुलीदार दाराशी उभा नसतो.

ही कल्पना मोजमापात आणली जेम्स मार्सिया याने, १९६६ मध्ये. कॉलेजातील तरुणांच्या मुलाखती घेऊन त्याने व्यवसाय, धर्म आणि राजकारण यांबाबत दोनच गोष्टी तपासल्या : या माणसाने पर्याय धुंडाळले आहेत का, आणि तो कशाशी बांधला गेला आहे का. दोन प्रश्नांच्या हो-नाहीतून चार अवस्था तयार होतात. शोधही नाही आणि बांधिलकीही नाही, ती विखुरलेली ओळख. शोध चालू आहे पण काही ठरलेले नाही, ती मुदतीची अवस्था. शोधून मग ठरवले, ती कमावलेली ओळख. चौथी सर्वांत फसवी : शोध न घेताच ठरवलेली, थोरांनी हाती दिली तशी खिशात घातलेली ओळख.

या चौथीवर जरा रेंगाळायला हवे, कारण घराघरांत गल्लत होते ती इथेच. गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरे दिलेली असतात. एका मुलाने उदाहरण सोडवून ४२ उत्तर काढले आणि दुसऱ्याने मागून पाहून ४२ लिहिले, तर दोघांच्या वहीत ४२ च दिसते आणि दोघांनाही बरोबरची खूण मिळते. परीक्षेत आकडे बदलून आले की दोघांतला फरक उघडा पडतो. हाती दिलेली ओळख तशीच असते. ती चुकीची असेलच असे नाही, बऱ्याचदा ती उत्तमच असते, परंतु तिच्या पायऱ्या माहीत नसल्यामुळे परिस्थितीने आकडे बदलले की तिचा मालक एक तर गोंधळतो किंवा तेच जुने उत्तर अधिक मोठ्या आवाजात सांगू लागतो. पालकांना सर्वांत समाधान देणारा मुलगा नेमका हा असतो. प्रश्न विचारत नाही, रीत मोडत नाही, विचारले तर घडाघडा सांगतो. वाद घालणाऱ्या बहिणीची काळजी केली जाते, याची नाही. माझ्या मते निदान थोडीशी काळजी इकडेही वळवायला हवी.

या चार अवस्था म्हणजे जिन्याच्या पायऱ्या नव्हेत, हेही इथेच सांगितले पाहिजे. व्यवसायाबाबत ठाम असलेली मुलगी धर्माबाबत विखुरलेली असू शकते, आणि एकदा ठरलेले पुन्हा उकलून पाहावे लागू शकते.

वांशिक ओळखीत वेगळे काय आहे?

व्यवसाय निवडता येतो. पूर्वज निवडता येत नाहीत. मग शोध कसला घ्यायचा? जीन फिनी यांचे काम इथे उपयोगी पडते. त्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतच जन्मलेल्या आणि मिश्र वस्तीच्या शाळांत दहावीत शिकणाऱ्या ९१ मुलामुलींच्या मुलाखती होत्या. अल्पसंख्य समूहांतील मुलांपैकी साधारण निम्म्यांनी आपल्या समूहाचा फारसा विचारच केलेला नव्हता, पाव भाग मुले शोधात होती आणि उरलेली पाव भाग शोध घेऊन स्थिरावली होती. मानसिक स्वास्थ्याच्या कसोट्यांवर या शेवटच्या गटाची कामगिरी सर्वांत चांगली होती. म्हणजे निवडायचे असते ते मूळ नव्हे, तर त्याचा आपल्या आयुष्यातला अर्थ : ही भाषा मी बोलणार का, हा सण माझ्यासाठी कशाचा आहे, या इतिहासातले काय मी माझे म्हणणार आणि कशाबद्दल मान खाली घालणार.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. गोऱ्या मुलांचे या पायऱ्यांवर वर्गीकरणच भरवशाने करता आले नाही, कारण आपल्यालाही काही वांशिक ओळख आहे हा विचार त्यांतल्या बहुतेकांनी केलेला नव्हता. आपल्या घरातल्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येत नाही. रात्री मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला मात्र तिच्याने झोप लागत नाही. बहुसंख्य समूहाची ओळख ही अशी टिकटिक असते. ती असते, चालू असते, फक्त तिच्यात वाढलेल्याला ती ‘सर्वसाधारण’ वाटते, आणि दुसऱ्यांच्या ओळखीच तेवढ्या ‘खास’ किंवा ‘कटकटीच्या’ वाटू लागतात. ‘आम्हाला बुवा असले प्रश्न पडत नाहीत’ हे वाक्य कानावर आले तर बोलणारा घड्याळाच्या कोणत्या बाजूला बसला आहे हे पाहावे.

शोध सुरू कशामुळे होतो? काहींचा हळूहळू होतो. मोठी शाळा, नवे मित्र, दुसऱ्यांच्या घरी राहून आल्यावर झालेली तुलना एवढेही पुरते. काहींचा मात्र एका फटक्यात होतो. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या अनुभवावर विल्यम क्रॉस यांनी १९७१ मध्ये जो क्रम मांडला त्यात एक टप्पाच ‘सामना’ असा आहे : कुणीतरी हिणवतो, दुकानात मागे मागे फिरतो, जिवलग मित्राच्या घरून नेमके यालाच आमंत्रण येत नाही, आणि आजवर बिनमहत्त्वाची वाटलेली गोष्ट एकदम सर्वांत महत्त्वाची होते. त्यानंतर पुष्कळदा बुडी मारण्याचा काळ येतो. पोशाख, संगीत, मित्र, भाषा, सगळे ‘आपलेच’ हवे आणि बाकीचे ते त्याज्य. पाहणाऱ्याला हा कडवेपणा वाटतो, आणि त्यात धोका मुळीच नसतो असेही नाही. पण क्रॉस यांच्या मांडणीत माणूस बुडी मारून पुन्हा वर येतो, आणि वर आल्यावर आपल्या समूहाविषयी निश्चिंत असल्यामुळे इतरांशी मोकळेपणाने वागू शकतो.

‘पण यातून दुही नाही का वाढणार?’

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. हेन्री ताजफेल यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्लंडमधील १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना अगदी क्षुल्लक कारणाने दोन गटांत विभागले. पडद्यावरचे ठिपके कुणी जास्त मोजले, कुणाला पॉल क्ली यांची चित्रे आवडली आणि कुणाला कँडिन्स्की यांची, इतके किरकोळ कारण. प्रत्यक्षात तर विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. नंतर मुलांना, कुणाला पैसे देतो आहोत हे नावानिशी न कळता, थोडे पैसे वाटायला सांगितले. त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि पुष्कळदा आपल्या गटाला मिळणारी रक्कम थोडी घटली तरी चालेल पण दुसऱ्या गटाशी अंतर वाढले पाहिजे असा पर्याय निवडला. ज्यांना एकत्र बांधणारा इतिहास नाही, भाषा नाही, अपमान नाही, त्यांचे हे वागणे असेल, तर खऱ्याखुऱ्या समूहांचे काय होईल या भीतीला आधार आहे.

मात्र या प्रयोगाचा धडा नीट वाचायला हवा. पक्षपात करायला खोलवर समजलेली ओळख लागत नाही. नुसती चिठ्ठी पुरते. म्हणूनच मुलांशी या विषयावर बोललेच नाही तर दुही टळेल, ही आशा फोल आहे. चिठ्ठी तर त्यांना जग चिकटवणारच. शोध घेतलेल्या मुलाला आपल्या समूहातल्या मतभेदांची, चुकांची आणि इतरांकडून घेतलेल्या उसन्या गोष्टींची माहिती असते, आणि दुसऱ्याच्या घरातही अशीच गुंतागुंत असणार हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. न शोधता मिळालेला अभिमान मात्र टिकून राहण्यासाठी पुष्कळदा समोर एक शत्रू मागतो. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शिक्षणाची उद्दिष्टे सांगताना, कलम २९ मध्ये, मुलाची स्वतःची सांस्कृतिक ओळख, भाषा आणि मूल्ये यांचा आदर आणि आपल्याहून वेगळ्या संस्कृतींचा आदर एकाच वाक्यात घातले आहेत. ते वाक्य लिहिणाऱ्यांना या दोहोंत विरोध दिसला नाही, आणि मलाही दिसत नाही.

आई एका समूहाची, वडील दुसऱ्याचे

अशा मुलांना ‘नक्की कोण?’ असे विचारण्याची जगाला फार घाई असते. अमेरिकेच्या जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवायची मुभा मिळाली ती थेट २००० साली. तोवर अशा माणसालाही कागदावर एकाच रकान्यात बसावे लागे. प्रत्यक्षात दोन्ही वारशांशी नाते ठेवून, प्रसंगानुसार एक पुढे आणि एक मागे करणे हे अनेकांना सहज जमते, जसे दोन भाषा येणारा माणूस समोरच्याला पाहून भाषा बदलतो आणि त्यामुळे खोटारडा ठरत नाही. त्रास होतो तो बहुधा दोन वारशांमुळे नव्हे, तर दोन्हीकडच्यांनी ‘तू पूर्णपणे आमचा नाहीस’ असे सुनावल्यामुळे. एरिक्सनला लहानपणी झाला तो त्रास हाच.

‘आमच्या वेळी असले काही नव्हते’

थोडेफार खरे आहे. जिथे बापाचा धंदा मुलाचा होता आणि लग्न, वस्ती, बोली सगळे जन्मानेच ठरत होते, तिथे मागे छापलेले उत्तर आयुष्यभर पुरत असे, कारण आकडे बदलतच नसत. आता बदलतात. शिक्षण लांबले, गाव सुटले, हातातल्या पडद्यावर रोज शंभर प्रकारची आयुष्ये दिसू लागली. म्हणूनच हे काम अठराव्या वर्षी आटोपत नाही. जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ या वयाला ‘उगवती प्रौढता’ असे वेगळे नाव दिले, आणि ओळखीचा बराचसा शोध या काळातच होतो असे म्हटले. पंचविशीतल्या मुलाचे अजून काही ठरत नाही म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांनी एवढे जरूर वाचावे.

मग घरातल्यांनी करायचे काय?

याचे बऱ्यापैकी ठोस उत्तर उपलब्ध आहे. अड्रियाना उमान्या-टेलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत नववीच्या वर्गांसाठी आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम तयार केला. त्यात कोणत्या समूहाने कसे वागावे हे शिकवले जात नाही. मुले घरातल्यांना प्रश्न विचारतात, वंशावळ मांडतात, आपल्या घरच्या खुणा आणि रीती यांचा अर्थ शोधतात आणि वर्गात एकमेकांना सांगतात. तुलनेसाठी काही वर्गांना त्याऐवजी पुढील शिक्षण आणि नोकरी यांची माहिती देण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटातील मुलांचा शोध आधी वाढला, त्यातून आपली वांशिक ओळख त्यांना अधिक स्पष्ट झाली, आणि वर्षभराने स्वतःविषयीची एकूण जाणीव, आत्मसन्मान आणि अभ्यासातली गोडी यांतही त्याचा परिणाम दिसला. एका छोट्या प्रयोगावरून फार मोठे दावे करू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे, आणि गंमत म्हणजे यात लागलेले साहित्य प्रत्येक घरात असते : प्रश्न विचारणारे मूल आणि उत्तर ठाऊक असलेली म्हातारी माणसे.

अडचण उत्तर देण्याच्या पद्धतीत असते. ‘आपण हे का करतो?’ या प्रश्नाला ‘आपल्यात असेच असते’ हे उत्तर म्हणजे पुस्तकाचे मागचे पान. ‘माझ्या आईने मला अमुक सांगितले होते, मला ते पटले नव्हते, पण पुढे असे घडले’ या उत्तरात पायऱ्या असतात. आपणही कधी शंका घेतली होती हे मोठ्यांनी कबूल केले तर मुलाला शोधाची परवानगी मिळते. त्याचबरोबर कडू इतिहास लपवण्यात अर्थ नाही. हिणवले जाण्याची शक्यता असलेल्या समूहातल्या मुलाला घरातून आधी कळले नाही, तर ते दुसरे कुणीतरी अधिक वाईट शब्दांत कळवते.

त्या मुलीच्या आईने अखेर वही बंद करून जागेवर ठेवली आणि काही विचारले नाही. दोन दिवसांनी मुलगीच आजीजवळ जाऊन बसली. तळाच्या ओळीतले तिसरे अक्षर उलटे काढले गेले होते. आजीने तिच्या हातून पेन घेतले आणि शेजारी ते पुन्हा काढून दाखवले. मग मुलीने विचारले की आपले आडनाव पूर्वी असेच लिहीत असत का, आणि आजी म्हणाली, नाही, ते तुझ्या पणजोबांनी बदलले, थांब, त्याची मोठी गोष्ट आहे.